समुद्र दिसत नाही म्हणतेस!

खडवली,
जून महिना

चि. भाचीबाईस,

तुझं पत्र पोचलं. शिक्षणसेवक म्हणून रुजू झालीस, मानधन सुरू झालं, आणि पत्रात नुसतं रडगाणं! खानदेशात उकडतं, समुद्र दिसत नाही, म्हणून कविता सुचत नाही. अगं, मालगुंडची पोर तू. केशवसुतांचं घर तुझ्या रोजच्या पायाखालचं. घर पाहिलंस, मास्तर राहिले बघायचे.

केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, जन्म 1866. वडीलही शाळामास्तर, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. मॅट्रिक व्हायला 1889 उजाडलं. पुढे मुंबईत तुटपुंज्या पगाराची मास्तरकी, आज या शाळेत तर उद्या त्या. मग प्लेग आला, मुंबई सुटली आणि गृहस्थ कुठे गेले असतील? तुझ्याच खानदेशात! भडगाव, फैजपूर. तिथून कुठला समुद्र दिसायला? त्यांनी नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यालाच हाक मारली, कोकणातलं घर आठवत त्याच्याशी बोलले, आणि कविता झाली. मिरगाच्या सुमाराला तोच वारा इथे भातसा नदीवरूनही येतो. तीस वर्षं मी तो अंगावर घेतोय. मला सर्दीपलीकडे काही झालं नाही. तेव्हा वाऱ्याला आणि गावाला बोल लावू नकोस.

अस्पृश्याच्या मुलाने आईला विचारलेल्या पहिल्या प्रश्नावरची त्यांची कविता 1888ची, म्हणजे मॅट्रिक होण्याआधीची. रस्त्यावर खेळणारं पोर, त्याच्यावर कुणी खेकसतं, ते आईला कारण विचारतं. बस, एवढंच. चौदा ओळींचं सुनीत त्यांनी मराठीत आणलं ते नंतर, 1892 मध्ये. आधी पोराकडे बघणं आलं, घाट मागाहून.

तुझ्या पत्राच्या तळाशी ओझरतं लिहिलंयस, की एक मुलगा चपला वर्गाबाहेर काढत नाही, हरवतील म्हणून दप्तरात ठेवतो. चार पानांच्या समुद्रविरहात मला तेवढं एक वाक्य आवडलं. तू मात्र ते ताजा कलम म्हणून खाली ढकललंस! त्याचं दप्तर उघडून बघ, त्याच्याशी बोल, घरी गेल्यावर लगेच लिही. वह्या तपासून झाल्यावर दहा मिनिटं मिळतात, मीही मास्तरकी केली आहे.

संग्रह कधी काढू, असंही विचारतेस. 1905च्या नोव्हेंबरात हुबळीला गेले असताना केशवसुत प्लेगने गेले. आठ दिवसांत पत्नीही गेली. हयातीत स्वतःचा संग्रह त्यांनी पाहिला नाही. हरिभाऊ आपट्यांनी तो 1917 मध्ये छापला. तुला अजून पहिली वही भरायची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ये आणि ती वही आण. मेल खडवलीला थांबत नाही, कल्याणला उतर. तिथून टिटवाळा लोकल घेऊ नकोस, ती एक स्टेशन अलीकडेच संपते. कसारा किंवा आसनगाव घे.

तुझा,
मामा