इंजिनाची नाडी

मुलांनो, उभ्या मोटारसायकलचे इंजिन सुरू असताना त्याचा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे काय? निरोगी माणसाच्या नाडीप्रमाणे तो एकसारखा असतो. चालक मूठ पिळीत नाही, चाके फिरत नाहीत, तरी इंजिन आपले संथपणे चालू राहते. या चालण्याला कारागीर ‘आयडलिंग’ म्हणतात. आपण त्याला मंदगती म्हणू. पुष्कळशा लहान मोटारसायकलींत मंदगतीच्या वेळी इंजिनाचा दांडा मिनिटाला सुमारे १२०० ते १४०० फेरे घेतो. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटते. म्हणजे १२०० फेऱ्यांत ६०० वेळा, अर्थात सेकंदाला १० वेळा! यांतले काही ठोके चुकले, की इंजिनाची नाडी अडखळू लागते.

माझ्या जुन्या मोटारसायकलीची नाडी एकदा अशीच बिघडली. इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी निरवांगी हे गाव आहे. तेथे मी काही कामानिमित्त राहिलो होतो. उसाच्या तोडणीचे दिवस होते. माझी गाडी रस्त्यावर चांगली धावे; पण थांबली, की इंजिन कधी एकाएकी भरभर फिरू लागे, तर कधी धापा टाकीत बंद पडे.

मी एक सोपा उपाय केला. मंदगती कमीजास्त करण्यासाठी कार्बोरेटरला एक स्क्रू असतो. तो मी थोडासा आवळला. इंजिन बंद पडेनासे झाले. चार दिवसांनी तक्रार पुन्हा उद्भवली. मी स्क्रू पुन्हा आवळला. आठवड्याभरात उभी गाडीसुद्धा गुरगुरू लागली. अखेर एके सकाळी चढावर गाडी सावकाश घेत असता इंजिन अचानक बंद पडले. मागून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्याच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून निभावले. मी गाडी ढकलीत मिस्त्रीच्या दुकानी नेली.

हा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. मला वाटले, तो आता कार्बोरेटर खोलून बसणार. पण त्याने पान्याला हातही लावला नाही. दोन मिनिटे तो नुसता आवाज ऐकत राहिला. मग त्याने विचारले, “गुरुजी, स्क्रू कुणी पिळला?”

“मीच,” मी म्हणालो.

“म्हणजे ताप आलेल्या माणसाला पांघरूण घातलंत! हुडहुडी थांबली, ताप तसाच राहिला.”

नंतर त्याने आणखी तीन प्रश्न विचारले. इंजिन गार असताना अडखळते, की तापल्यावर? भरधाव असताना अडखळते काय? अलीकडे गाडीत काही बदलले आहे काय? दोन्ही वेळा अडखळते, वेगात मात्र मुळीच नाही, आणि बदलले काहीच नाही, असे मी सांगितले. “वेगात नाही ना? मग अर्धं काम झालं,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्याचा अर्थ कळण्यासाठी इंजिनाची गरज काय असते, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. वजनाने १ भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ भाग हवा लागते. हे मिश्रण कार्बोरेटर तयार करतो. १८८५ साली जर्मनीत गॉटलीप डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनविली. पुढे १८९३ च्या सुमारास मायबाखने बारीक तोंडातून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर सिद्ध केला. मूठ पिळली, की कार्बोरेटरमधला पडदा उघडतो व भरपूर हवा आत शिरते. मंदगतीच्या वेळी हा पडदा जवळजवळ मिटलेला असतो. तेव्हा हवेची जेमतेम झुळूक आत जाते आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून थोडेसे पेट्रोल तिच्यात मिसळते.

मिस्त्रीने आता तपासणीला आरंभ केला. जे पाहणे सर्वांत सोपे, ते त्याने सर्वांत आधी पाहिले. टाकीत पेट्रोल पुरेसे होते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक छिद्र असते. ते बुजले, तर पेट्रोल नीट खाली उतरत नाही. ते मोकळे होते. मग त्याने हवेची गाळणी काढली. उसाच्या रस्त्यांवरील धुळीने ती मळली होती. त्याने ती साफ करून बसविली व इंजिन चालवून पाहिले. आवाज तसाच! “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गुरुजी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशानं बरी झाली ते कधीच कळत नाही.”

इंजिन निवल्यावर त्याने प्लग काढला. प्लग हा इंजिनाची जीभच होय. वैद्य जीभ पाहून पोटाची अवस्था ओळखतो, तसा मिस्त्री प्लगच्या टोकाचा रंग पाहतो. टोकावर कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त होत आहे; पांढुरके असेल, तर हवा जास्त होत आहे; आणि फिकट तपकिरी असेल, तर प्रमाण ठीक आहे, असे सामान्यपणे समजतात. माझ्या गाडीचा प्लग पांढुरका निघाला. त्याच्या दोन टोकांमधले अंतरही त्याने मोजले. हे अंतर बहुधा मिलिमीटरहूनही कमी असते. ते योग्य होते. प्लग त्याने पुन्हा जागेवर बसविला.

आता संशय एकवटला. कोठून तरी आगंतुक हवा आत शिरत होती. कार्बोरेटर व इंजिन यांना एक आखूड रबरी नळी जोडते. मिस्त्रीने इंजिन सुरू करून त्या नळीवर बोटाने पाण्याचे चार थेंब सोडले. काय आश्चर्य! क्षणभर आवाज बदलला आणि एकसारखा झाला. पाणी ओसरताच पुन्हा अडखळू लागला. नळीच्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर पडली होती. पाण्याने ती क्षणभर बुजली होती.

“एवढीशी चीर, मग वेगात ती का जाणवत नाही?” मी विचारले.

मिस्त्रीने शेताकडे बोट केले. “पाटाच्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलं, तर पाट भरून वाहत असताना कुणाच्या ध्यानात येत नाही. पण पाणी करंगळीएवढं वाहू लागलं, की ते भोकच निम्मं पाणी पळवतं. इथं पाणी बाहेर जात नाही, हवा आत येते, एवढाच फरक.”

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या मुलखात याहून समर्पक दृष्टान्त कोणता असणार! त्याने नवी रबरी नळी बसविली, मी आवळलेला स्क्रू सैल करून मूळ जागी आणला आणि इंजिन सुरू केले. नाडी संथपणे चालू लागली. कार्बोरेटर खोलण्याची वेळ आलीच नाही.

चहा घेताना तो हसत म्हणाला, “गुरुजी, मी वर्गात पेंगायचो, आठवतं का?”

मला सारे आठवले. पहिल्यांदा मी त्याला पुढच्या बाकावर बसविले होते. मग उभे केले. मग उठाबशा काढायला लावल्या. दर वेळी दोन-चार दिवस पेंगणे थांबे आणि पुन्हा सुरू होई. मग मी शिक्षा वाढवी.

“पंपाची वीज रात्री यायची. वडिलांबरोबर ऊस भिजवायला मी पहाटेपर्यंत रानात असायचो.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र चहा गोड लागेना. ‘रात्री झोप होते का रे?’ एवढा एकच प्रश्न मी विचारला असता, तर! पण तो मी वर्षभरात एकदाही विचारला नव्हता. मी नुसता स्क्रू आवळीत राहिलो होतो.

मुलांनो, १ एप्रिल २०२० पासून भारतात प्रदूषणाचे भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. त्यानंतरच्या नव्या मोटारसायकलींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन पेट्रोलचा मोजून फवारा सोडणारी इलेक्ट्रॉनिक योजना आली आहे. यंत्र बदलले, तरी चिरलेली नळी, मळलेली गाळणी व खराब प्लग हे दोष आजही संभवतात. ते शोधण्याची रीतही तीच आहे. आधी ऐकावे, मग विचारावे, सोपे ते प्रथम तपासावे, एका वेळी एकच बदल करावा, आणि मूळ कारण सापडेपर्यंत लक्षण झाकू नये.

एक सूचना ध्यानात ठेवा. चालू इंजिनाजवळ जाणत्या माणसाखेरीज काही करू नका. बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला प्राणघातक वायू असतो.

स्वाध्याय

१. मिस्त्रीने ‘मग अर्धं काम झालं’ असे का म्हटले?
२. प्लगच्या रंगावरून कोणते अनुमान काढता येते?
३. पाटाच्या दृष्टान्तातील पाणी व भोक आणि इंजिनातील हवा व चीर यांतील साम्य व फरक सांगा.
४. ‘मी नुसता स्क्रू आवळीत राहिलो होतो,’ या वाक्याचा शेवटच्या प्रसंगातील अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या घरची बिघडलेली एखादी वस्तू घ्या. तिचा दोष शोधण्यासाठी कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचाराल, ते लिहा.