घरी बांधलेल्या विमानाची बॅटरी

अमेरिकेत व युरोपात अनेक हौशी लोक एक-दोन माणसांचे विमान स्वतःच्या हाताने बांधतात. त्यात निवडीचे स्वातंत्र्य अधिक, म्हणून जबाबदारीही अधिक. बॅटरीचेच उदाहरण घेऊ.

बॅटरीची कामे दोन: एंजिन सुरू करणे आणि अल्टरनेटर बंद पडल्यास वीज पुरविणे. पहिल्यासाठी काही सेकंद पुष्कळ प्रवाह लागतो. दुसऱ्यासाठी बेताचा प्रवाह, पण बराच वेळ. जुन्या पद्धतीच्या एंजिनात ठिणगी मॅग्नेटो देतो. त्याला बॅटरी लागत नाही. परंतु ठिणगी व इंधनपंप बॅटरीच्या विजेवर चालत असतील, तर बॅटरी संपताच एंजिनही थांबते. म्हणून प्रथम एंजिन पाहावे.

समजा, शिशाच्या बॅटरीवर 16 ॲम्पिअर-तास लिहिले आहे. हा आकडा बहुधा 20 तासांच्या संथ वापराचा, म्हणजे 0.8 ॲम्पिअरचा असतो. विमानाला 10 ॲम्पिअर लागत असतील, तर कागदावर 96 मिनिटे मिळतात. प्रवाह वाढला की क्षमता घटते. बॅटरी जुनी झाली की आणखी घटते. निम्मीच धरली तर 48 मिनिटे उरतात. जवळची धावपट्टी तासभर दूर असेल, तर ही बॅटरी अपुरी होय.

आता वजन. शिशाची 7 किलोची बॅटरी काढून लिथियम-लोह-फॉस्फेटची 2 किलोची बसविली, तर 5 किलो वाचतात. पण बॅटरी गुरुत्वमध्याच्या 2 मीटर मागे असेल, तर 600 किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य सुमारे 1.7 सेंटिमीटर पुढे सरकतो. विमान पुन्हा तोलणे भाग पडते. शिवाय काही लिथियम बॅटऱ्यांवर खरी क्षमता न छापता ‘शिशाच्या इतक्या बॅटरीबरोबर’ असा आकडा छापतात. तो एंजिन सुरू करण्यापुरता खरा. मिनिटांच्या हिशेबात तो धरू नये.

लिथियम बॅटरीला अतिभार सोसत नाही आणि गोठणबिंदूखाली ती भारित करणे हानिकारक असते. जानेवारी 2013 मध्ये बोइंग 787 विमानांच्या लिथियम बॅटऱ्या पेटल्या व धुमसल्या, तेव्हा जगभरची ती विमाने काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. त्या बॅटऱ्यांचे रसायन वेगळे होते. लोह-फॉस्फेट त्याहून स्थिर आहे. तरीही संरक्षक मंडल नसलेली बॅटरी घेऊ नये.

सारांश, किंमत व वजन नंतर पाहावे. अल्टरनेटर बंद पडल्यावर सुखरूप उतरण्यास किती मिनिटे लागतील, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर दुकानात नव्हे, वहीत सापडते.