उलटीची गोळी आणि शिंकांची गोळी एकाच घराण्यातली?

प्रश्न : मला दुसरा महिना चालू आहे. सकाळी उठल्यापासून मळमळतं, म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिलामाइन आणि ब६ जीवनसत्त्व असलेली गोळी दिली. माझा भाऊ डी. फार्म. करतोय. तो म्हणाला, ‘ताई, डॉक्सिलामाइन तर अ‍ॅलर्जीचं औषध आहे!’ हे खरं का? मग धुळीने शिंका सुरू झाल्या की मी घेते ती सेटिरिझिनही चालेल का? दिवस गेल्याचं कळण्याआधी ती दोन-तीनदा घेतली गेली आहे आणि तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. सासूबाई म्हणतात, नऊ महिने कुठल्याच गोळीला हात लावू नकोस.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची काळजी ज्या गोष्टीची आहे ती आधी. कळण्याआधी घेतल्या गेलेल्या सेटिरिझिनच्या गोळ्यांमुळे घाबरण्याचं कारण नाही. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या बायकांचे बरेच अभ्यास झाले आहेत आणि बाळातलं व्यंग वाढल्याचं त्यांत दिसलेलं नाही. कुठलंही औषध न घेता जन्मलेल्या दर शंभर बाळांतही दोन-तीन बाळांना काही ना काही व्यंग असतं. ही शक्यता सेटिरिझिनने वाढते, असा पुरावा नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल जरूर सांगा, पण मनात अपराधीपणा ठेवू नका.

भावाचं म्हणणं बरोबर आहे. आपल्या शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन असतं. नाकात ते सुटलं की शिंका येतात, कातडीत सुटलं की अंगावर पित्त उठतं. हेच रसायन मेंदूतल्या उलटीच्या यंत्रणेतही निरोप पोचवायचं काम करतं. तुमच्या दोन्ही गोळ्या या हिस्टामिनलाच अडवतात. डॉक्सिलामाइनसारखी जुनी औषधं मेंदूपर्यंत जातात, त्यामुळे मळमळ शमते आणि झोपही येते. सेटिरिझिन मेंदूत फारसं शिरत नाही. म्हणून ते शिंकांवर चालतं, मळमळीवर नाही. घराणं एक, कामं वेगळी.

आता सासूबाईंच्या सल्ल्याकडे वळू, कारण त्या भीतीला इतिहास आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांच्या गंभीर व्यंगासह जन्मली. 1961 मध्ये त्याबद्दल जगाला सावध करणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे डॉ. विल्यम मॅकब्राइड होते. थॅलिडोमाइड हे हिस्टामिनविरोधी औषध नव्हतं. पण त्या धक्क्यानंतर मळमळीच्या प्रत्येक गोळीकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

त्यात सापडलं अमेरिकेतलं बेंडेक्टिन. त्यात तुमच्याच गोळीतली दोन औषधं होती आणि 1956 पासून लाखो बायकांनी ते घेतलं होतं. व्यंग असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी खटले भरले. पुरावा कंपनीच्या बाजूने होता, तरी खटल्यांचा खर्च आणि बदनामी यांमुळे कंपनीने 1983 मध्ये औषध बाजारातून काढून घेतलं. पुढे जे झालं ते प्रत्येक घरात सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं. औषध गेलं, पण व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाण घटलं नाही. वाढलं ते अतिउलट्यांमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्या बायकांचं. त्याच मॅकब्राइड यांनी गरोदरपणातल्या औषधांबद्दलच्या एका प्रयोगात खोटे आकडे घातल्याचं सिद्ध झालं आणि 1993 मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. अखेर 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हीच जोडी नव्या नावाने पुन्हा मंजूर केली. इतका कसून तपास झालेली औषधं गरोदरपणात फार थोडी आहेत.

तेव्हा उलट्या अंगावर काढून पाणीसुद्धा पोटात ठरेनासं होईपर्यंत थांबणं ही खबरदारी नव्हे. त्याने आईचे हाल होतात आणि बाळाला काही फायदा होत नाही. सासूबाईंना हे प्रेमाने सांगा. जमलं तर त्यांनाच पुढच्या तपासणीला घेऊन जा.

याचा अर्थ मेडिकलमधून हवी ती गोळी आणावी असा मुळीच नाही. खरी गडबड होते ती ‘सर्दीची गोळी’ मागण्यात. त्या एका गोळीत अ‍ॅलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल असतं आणि नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिनही असतं, जे रक्तवाहिन्या आकुंचित करतं. काहींत आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक असतं, जे विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि गर्भजलाला बाधक ठरू शकतं. म्हणून स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचा, एकच औषध असलेली गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सेटिरिझिन आणि लोराटाडिन यांची भरपूर माहिती हाताशी आहे, जुन्यांत क्लोरफेनिरामाइनचीही. हायड्रॉक्सिझिन मात्र सुरुवातीच्या महिन्यांत घेऊ नये, असं उत्पादकच सांगतात. डॉक्सिलामाइनने गुंगी येते, तेव्हा ती गोळी घेऊन स्कूटर चालवू नका आणि तिच्या जोडीला झोप आणणारं दुसरं औषध घेऊ नका.

नुसतं नाक चोंदत असेल, शिंका नसतील, तर ती अ‍ॅलर्जी नसेलही. गरोदरपणातल्या बदलांमुळे अनेकींचं नाक बंद राहतं आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत आपोआप मोकळं होतं. तिथे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

आणखी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, कारण ती पुढे लागू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात, तळपाय खाजू लागले, विशेषतः रात्री, तर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन झोपू नका. यकृतातल्या पित्ताच्या अडथळ्याने अशी खाज येते आणि त्यात बाळाला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी करून घ्या.