मोठ्या कुटुंबाचे घर : ऊन, वारा आणि पाणी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या तंजावूर शहरातील राजवाडा नायक राजांनी सोळाव्या शतकात बांधावयास घेतला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी येथे मराठ्यांची सत्ता स्थापिली आणि १८५५ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत त्यांच्या वंशजांनी या वास्तूत वेळोवेळी भर घातली. सरस्वती महाल ग्रंथालय व शिल्पांचे संग्रहालय यांसाठी हा परिसर आज प्रसिद्ध आहे. परंतु अनेक माणसांनी एकत्र राहावयाची, विजेवाचून उन्हाळा निभावणारी वास्तू म्हणूनही तो अभ्यासण्याजोगा आहे. तो जसाच्या तसा उतरविणे कोणासही शक्य नाही, आणि ते इष्टही नाही. त्यामागील तत्त्वे मात्र आजच्या मोठ्या कुटुंबास उपयोगी पडतात.

सूर्याची दिशा

तंजावूर सुमारे १०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेस कलतो. तरीही क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ५६ अंश राहते. यावरून असे दिसते की, दक्षिणेकडील १.२ मीटर उंचीच्या खिडकीवर माथ्यालगत सुमारे ८० सेंटिमीटर रुंदीचा छज्जा काढल्यास मध्यान्हीचे ऊन वर्षभर बाहेर राहते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन छज्जाने अडत नाही. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, आखूड भिंती पूर्वेस व पश्चिमेस याव्यात, आणि पश्चिमेच्या बाजूस जिना, कोठीची खोली, स्नानगृह यांची योजना करावी.

सर्वांत अधिक उष्णता छपरावाटे येते. जुन्या बांधकामात लाकडी तुळयांवर विटा, त्यांवर चुना व विटांचे तुकडे यांचा जाड थर आणि वर फरशी अशी गच्ची असे. आज काँक्रीटची गच्ची केली, तर तिच्यावर पांढरा चुना देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. सौरपट्ट दक्षिणेकडे सुमारे ११ अंश उतार देऊन, खाली हवा खेळती राहील अशा उंचीवर बसविले, तर वीज मिळते आणि गच्चीवर सावलीही पडते.

भिंत आणि वारा

राजवाड्याच्या वीट-चुन्याच्या जाड भिंती दुपारची उष्णता सावकाश आत सोडतात. दिवसा वापरावयाच्या दालनांना हे सोयीचे असते. किनाऱ्याजवळच्या दमट प्रदेशात मात्र रात्रीही हवा फारशी थंड होत नाही. अशा वेळी तापलेली जाड भिंत झोपणाऱ्यास त्रासदायक ठरते. म्हणून बैठकीची खोली व देवघर यांच्या भिंती जाड, तर झोपण्याच्या खोल्यांच्या भिंती हलक्या आणि समोरासमोर खिडक्या असलेल्या, असा भेद करावा. दमट हवेत घाम वाळविणारा वारा हाच खरा गारवा होय.

जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून येतो. स्वयंपाकघर आग्नेय कोपऱ्यात ठेवल्यास दोन्ही ऋतूंत धूर व उष्णता घरावरून न जाता बाजूने निघून जाते. मधला चौक, ज्याला तमिळमध्ये ‘मुट्रम’ म्हणतात, उजेड व वारा आतील खोल्यांपर्यंत पोहोचवितो. त्यामुळे दिवसा दिवे लावावे लागत नाहीत.

पाणी

राजवाड्यापासून जवळच शिवगंगा तलाव आहे. त्याचे पाणी जमिनीखालील नळांनी शहरातील विहिरी व तळ्यांपर्यंत नेण्याची जुनी व्यवस्था ‘जलसूत्र’ या नावाने ओळखली जाते. एका घरासही हे सूत्र लागू पडते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. २०० चौरस मीटर छप्पर व वर्षाचा ९०० मिलिमीटर पाऊस धरल्यास १ लाख ८० हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १ लाख ४४ हजार लिटर उरते. माणशी दररोज १३५ लिटर या हिशेबाने बारा माणसांच्या कुटुंबाची ही सुमारे तीन महिन्यांची गरज आहे. तमिळनाडू शासनाने २००३ मध्ये इमारतींना पाऊस-संचयन सक्तीचे केले, ते याच कारणासाठी. टाकीत न मावणारे पाणी विहिरीत वा शोषखड्ड्यात सोडावे. टाकी मात्र झाकलेली असावी, अन्यथा डासांची पैदास होते.

निर्णयांचा क्रम

एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ असा की, एक स्वयंपाकघर, एक टाकी, एक चौक अनेकांच्या उपयोगी पडतो. परंतु माणसांपेक्षा खोल्या अधिक वाढल्या, तर हा लाभ नाहीसा होतो. पंखे, दिवे, सौरपट्ट मागाहून बसविता वा बदलता येतात. घराची दिशा, चौक व छपराचा उतार एकदा ठरला की पुढील पिढ्यांनाही तोच वागवावा लागतो. म्हणून खर्चाचा व विचाराचा पहिला वाटा या गोष्टींना द्यावा आणि यंत्रांचा विचार त्यानंतर करावा.