बाळगुटी आणि बाळागोळी



मागील महिन्यात आम्ही आठवीच्या मुलामुलींना एक छोटा गृहपाठ दिला होता. घरातला औषधांचा डबा मोठ्या माणसांसमोर उघडायचा आणि प्रत्येक औषधाचे नाव, त्याची मुदत व उपयोग वहीत लिहून आणायचा. मुलांनी काम मनापासून केले. वह्या तपासताना एका ओळीपाशी मात्र आम्ही थांबलो. तिथे लिहिले होते : ‘नाव – माहीत नाही. उपयोग – बाळ झोपते.’

ही ओळ लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा आम्हाला दोष काढायचा नाही. पण अशा औषधाला मोठा इतिहास आहे आणि तो कापड गिरण्यांशी जोडलेला आहे. सचिनमधल्या आपल्या अनेक घरांची चूल यंत्रमाग, डाइंग आणि प्रिंटिंगच्या कामावर चालते. म्हणून हा इतिहास आपण जाणून घ्यायलाच हवा.

आधी आपल्या आजीची बाळगुटी पाहू. खानदेशातून इकडे येताना पितळी भांड्यांबरोबर सहाणही आली. हिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, बदाम, खारीक असे जिन्नस आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात उगाळायचे. मोजमाप वेढ्यांचे. बाळ लहान असेल तर एकच वेढा, मोठे झाले की थोडे जास्त. पोट बिघडले तर एखादा जिन्नस वाढवायचा, एखादा वगळायचा. गुटी गुणकारी होती की नव्हती, हा प्रश्न वेगळा. पण तिच्यात काय आहे आणि किती आहे, हे उगाळणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असे.

एकोणिसाव्या शतकात याच्या अगदी उलट प्रकारची औषधे बाजारात आली. त्यांना ‘पेटंट औषधे’ म्हणत. गंमत अशी, की त्यांतील बहुतेकांना पेटंट नव्हतेच. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते आणि उत्पादकांना नेमके तेच नको होते. बाटलीवर भारदस्त नाव आणि वर्तमानपत्रांत मोठाल्या जाहिराती असत. आत काय आहे ते मात्र गुपित राही.

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतील डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन यांनी १८४८ च्या सुमारास पटकीसाठी ‘क्लोरोडाइन’ तयार केले. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाऊ लागले. दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी म्हणून ते खपे. त्यात अफूपासून काढलेले मॉर्फिन होते. इंग्लंडच्या गिरणगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे अफूयुक्त औषध बाळांना पाजले जाई. आई गिरणीत आणि बाळ घरी गुंगीत, असा तो प्रकार होता.

सगळीच जुनी औषधे अशी नव्हती. काशिनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले. ते कपाळाला बाहेरून चोळण्याचे मलम होते आणि आजही घरोघरी आहे. धोका होता तो पोटात जाणाऱ्या आणि आतला पदार्थ लपवणाऱ्या औषधांचा.

मुंबईच्या गिरणगावात अशी वस्तू म्हणजे बाळागोळी. नाव बाळगुटीसारखेच गोड, म्हणून फसगतही सोपी. या छोट्या गोळ्या बाजारात स्वस्तात मिळत आणि त्यांच्यात अफू असे. मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी करून डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी दिलेला अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांच्या १०० बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असे त्यात नोंदवले होते.

या आया निर्दय होत्या का? मुळीच नाही. गिरणीत दहा-दहा तासांचे काम, बाळंतपणात पगारी रजा नाही, पाळणाघर नाही. बाळाला घरी ठेवावे तर पाहायला कोणी नाही आणि कामावर जाऊ नये तर चूल पेटत नाही. गोळी दिली की बाळ झोपे आणि आईची पाळी पार पडे.

पण अफूने बाळ शांत होते ते बरे वाटते म्हणून नव्हे. अफूतील मॉर्फिन मेंदूला गुंगी आणते आणि श्वास मंद करते. तान्ह्या बाळाचा श्वास थोड्याशा मात्रेनेही थांबू शकतो. गुंगीतले बाळ भुकेने रडत नाही, त्यामुळे त्याला वेळेवर दूध मिळत नाही आणि ते वाळत जाते. मलावरोध होतो. शरीराला सवय लागली की तेवढ्याच गुंगीसाठी मात्रा वाढवावी लागते. रडणे ही बाळाची भाषा आहे आणि गोळीने ती भाषाच बंद पडे.

यावर उपाय दोन बाजूंनी झाले. पहिला कायद्याचा. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने अफू, मॉर्फिन, दारू असे पदार्थ औषधात असतील तर लेबलवर तसे छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला. दुसरा उपाय आईच्या सोयीचा. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला. पुढे १९६१ मध्ये देशाचा कायदा आला आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. आम्हाला हा दुसरा उपाय पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. बाळाला सांभाळायला माणूस असेल तर त्याला झोपवायच्या औषधाची गरजच पडत नाही.

मग घरगुती उपाय सगळे टाकून द्यावेत का? तसेही नाही. क्लोरोडाइनचीच गोष्ट पुढे नेऊ. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून जुलाब थांबल्यासारखे वाटत. पण पटकीचा रोगी दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तीच आपली जलसंजीवनी. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. कृती सर्वांना माहीत, मोजमाप ठरलेले आणि परिणाम तपासलेला. चांगले औषध म्हणतात ते याला.

आता आजकडे येऊ. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलांचे बळी घेतले. त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष निघाले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. म्हणजे लेबल वाचणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. हे औषध या बाळाला खरोखर हवे आहे का, हे डॉक्टरांना विचारले पाहिजे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. आजीबाईंचा मान राखूनही डॉक्टर आज सांगतात, की या वयात गुटी, मध, ग्राइप वॉटर काहीच नको. सहाण किंवा पाणी अस्वच्छ असेल तर चांगला जिन्नसही बाधतो. वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नये. नाव नसलेली बाटली किंवा नावाचा भाग कापून गेलेली गोळ्यांची पट्टी घरात ठेवू नये. आणि बाळ फार रडते म्हणून कोणी ‘झोपेचे थेंब’ सुचवले, तर ते न देता दवाखाना गाठावा.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. पुढील पालक सभेत अर्धा तास जलसंजीवनीच्या प्रात्यक्षिकासाठी द्यावा. ते आठवीचीच मुले करून दाखवतील. सभा रविवारी ठेवली तर पाळीवर जाणाऱ्या आयांनाही येता येईल.

स्वाध्याय

१. ‘पेटंट औषध’ हे नाव फसवे का होते, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. बाळगुटी आणि बाळागोळी यांतील फरकाचा तक्ता करा.
३. अफूने जुलाब थांबल्यासारखे का वाटत आणि तरीही पटकीचा रोगी का दगावे?
४. घरातील एका औषधाचे लेबल पाहून त्यावरील नाव, घटक, मुदत आणि इशारा उतरवून आणा. एखादा शब्द कळला नाही तर तोही जसाच्या तसा लिहा. आपण तो वर्गात मिळून वाचू.