संशोधनाचे दाते: नावाचे आणि बिननावाचे



प्रभू येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसून लोक दान कसे टाकतात ते पाहत होता, हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे (मार्क १२:४१-४४). श्रीमंतांनी पुष्कळ टाकले. एका गरीब विधवेने दोन लहान नाणी टाकली. प्रभूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले की, तिचे दान सर्वांत मोठे आहे. श्रीमंतांचे दान त्याने परत करायला लावले नाही. मंदिराला तेही लागत होते. पण शिष्यांचे जिच्याकडे लक्षच गेले नव्हते, ती विधवा त्याने त्यांना दाखवली.

हा प्रसंग आठवण्याचे कारण एक घरभेट आहे. आपल्या धर्मग्रामातील एक मावशी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात कॅन्सरचे ऑपरेशन करून परत आल्या. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मावशी हळूच म्हणाल्या, "फादर, ऑपरेशनच्या आधी एका कागदावर सही मागितली. काढलेल्या गाठीचा थोडा तुकडा संशोधनासाठी ठेवू का म्हणाले. मी हो म्हटलं. पण मनात दोन गोष्टी राहिल्या. चर्चला द्यायला माझ्याकडे कधी काही नसतं. मग हे दिलं ते दान धरायचं का? आणि शेवटच्या दिवशी देव उठवील तेव्हा माझं शरीर अपुरं तर राहणार नाही ना?"

त्या वेळी मी थोडक्यात उत्तर दिले. पण हे प्रश्न एकट्या मावशींचे नाहीत. आपल्या जिल्ह्यातून मलकापूर किंवा शेगावला रात्रीची गाडी पकडून किती घरे उपचारासाठी मुंबई गाठतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मावशींच्या परवानगीने आज हा विषय सविस्तर मांडत आहे.

१. पैसा देणारे

रुग्णाला औषध मिळते त्याच्या कितीतरी वर्षे आधी कोणीतरी प्रयोगशाळेत काम सुरू केलेले असते. त्या कामाला खर्च येतो आणि यशाची खात्री नसते. व्यापारी नफा पाहतो. शासनाला लोकांच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळेल की नाही हेच माहीत नाही, त्यावर दहा-वीस वर्षे खर्च करायला बहुधा दाताच पुढे येतो. दात्याचा पैसा थांबू शकतो, हे त्याचे मोठे बळ आहे.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या काळी या रोगावर प्रभावी औषध नव्हते. घरात पैसा असूनही पती सर दोराबजी टाटा त्यांना वाचवू शकले नाहीत. १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' स्थापन झाला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगात कोठेही होणाऱ्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ठेवला गेला. संशोधक कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, अशी अट नव्हती. त्याच वर्षी दोराबजीही निवर्तले.

ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांवर रासायनिक औषधाचा तात्पुरता का होईना गुण आला, असा पहिला भक्कम अहवाल अमेरिकेतील डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. ते औषध तयार करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांच्या चमूचे प्रमुख आपल्या आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तोवर दोराबजींना जाऊन सोळा वर्षे झाली होती. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे प्रभूने सांगितलेच आहे (योहान ४:३७).

दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने पुढे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र शासनाच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. दात्याने सुरुवात केली आणि पुढचा भार देशाने उचलला. ही दानाची चांगली रीत आहे. दिलेल्यावर मरेपर्यंत मुठी आवळून बसायचे नसते.

२. स्वतःपैकी देणारे

पण पैशाने इमारत होते, दुर्बीण येते, पगार होतात. ज्ञान मात्र रुग्णापासून सुरू होते. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पान-तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाकडे त्यांनी लक्ष वेधले. आज आपण खर्रा खाणाऱ्या पोराला "तोंडाचा कॅन्सर होईल" असे दटावतो, त्यामागे अशा अभ्यासांची पुण्याई आहे. त्या हजार माणसांनी आपल्या सवयी सांगितल्या, तोंड उघडून दाखवले, तुकडा तपासायला दिला. त्यांतले कितीतरी बरे झाले नसतील. त्यांची नावे कोणत्याही भिंतीवर नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच ग्रामीण भागातले आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला २०२३ पासून धाराशिव म्हणतात, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. पैसा अमेरिकेतील बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनने दिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली होती. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा राहिली.

२००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ स्त्रियांचा मृत्यू झाला आणि चौथ्या गटात ६४ स्त्रियांचा. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. आता जागतिक आरोग्य संघटना या कर्करोगासाठी हीच तपासणी प्रथम करावी असे सांगते.

गेट्स हे नाव जगाला माहीत आहे. पण शेतातले काम टाकून, लाज बाजूला सारून, घरच्यांची समजूत घालून तपासणीला आलेल्या त्या बाया नसत्या, तर तो सगळा पैसा बँकेतच राहिला असता. त्यांनीही आपल्या कमाईतूनच टाकले, कारण एका मजुरीच्या दिवसाची किंमत त्यांच्या घरात मोठी असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या चौथ्या गटावरून नंतर डॉक्टरांमध्येच वाद झाला. तपासणीचा उपयोग होतो असे वाटत असताना एका गटाला ती न देणे योग्य होते का, असे काहींनी विचारले. इतरांचे म्हणणे असे की, आपल्या खेड्यांत तेव्हा अशी तपासणी कोठेच होत नव्हती, आणि तुलना केल्याशिवाय खरे कळले नसते. मी वैद्य नाही, त्यामुळे या वादाचा निवाडा करत नाही. पण त्या ६४ जणी आकडा नव्हत्या, कोणाच्या तरी आई होत्या. दाता कितीही मोठा आणि हेतू कितीही चांगला असला, तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

३. न विचारता घेतलेले दान

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री, पाच मुलांची आई, याच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी होती. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढतच राहिल्या. तोवर कोणत्याही माणसाच्या पेशी अशा टिकल्या नव्हत्या. ती त्याच वर्षी वारली, पण त्या पेशी जगभर पोहोचल्या. पोलिओच्या लसीच्या चाचणीत त्या वापरल्या गेल्या. पुढे डॉ. हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला एचपीव्ही विषाणूचा एक प्रकार याच पेशींमध्ये सापडला. हा विषाणू गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवतो, या शोधासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धाराशिवच्या स्त्रियांची जी तपासणी झाली, तिच्यामागे अशा प्रकारे हेन्रिएटाही उभी आहे.

आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे याच डॉ. गे यांच्याकडे पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि मुंबईला परतून त्यांनी देशातील अशी पहिली प्रयोगशाळा उभी केली.

हेन्रिएटाच्या घरच्यांना मात्र वीस वर्षांहून अधिक काळ काहीच माहीत नव्हते. काही कंपन्यांनी त्या पेशींवर पैसा कमावला. २०२३ मध्ये कुठे एका कंपनीने तिच्या वारसांशी समझोता केला. फळ चांगले आले, तरी न विचारता घेतलेल्या वस्तूला दान म्हणता येत नाही. दानाला देणाऱ्याचे 'हो' लागते.

४. ख्रिस्तसभा काय शिकवते

कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात (२२९२ ते २२९६) यावर स्पष्ट शिकवण आहे. रुग्णांच्या भल्यासाठी संशोधन करणे चांगले आहे. पण त्यात माणसाच्या जिवाला अवाजवी धोका नसावा आणि त्याची समजून-उमजून दिलेली संमती असावी. मृत्यूनंतर अवयव देणे हे उदात्त कृत्य आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला कांट नावाच्या जर्मन विचारवंताचे एक तत्त्व शिकवले होते: माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. आपली श्रद्धा त्याही पुढे जाते, कारण प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे.

आता मावशींचा दुसरा प्रश्न. प्रभूसाठी प्राण देणाऱ्या कित्येक संतांची शरीरे आगीत जळाली, श्वापदांनी खाल्ली. ते पुनरुत्थानाला मुकले असे ख्रिस्तसभेने कधीच मानले नाही. संत पौल सांगतो की, पेरलेला दाणा वेगळा आणि उगवणारे रोप वेगळे (१ करिंथ १५:३५-४४). मातीतून माणूस घडवणाऱ्या देवाला गाठीच्या एका तुकड्याची उणीव भासणार नाही.

आणि पहिला प्रश्न: ते दान धरायचे का? होय मावशी, धरायचे. तुम्हाला विचारले गेले, तुम्ही समजून 'हो' म्हणालात, आणि त्याचा उपयोग तुम्हाला नव्हे तर पुढे कोणा अनोळखी बाईला होणार आहे. दानात आणखी काय असते?

५. आपण काय करू शकतो

रुग्णालयात संशोधनाच्या कागदावर सही मागितली तर घाबरू नका, पण न वाचताही सही करू नका. चार गोष्टी विचारा. हे कशासाठी आहे? मला धोका काय? मी नाही म्हटले तर माझा उपचार थांबेल का? माझे नाव कोणाला कळेल? आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणे त्यांचे कर्तव्य आहे, आणि नकार दिल्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. एकदा 'हो' म्हटल्यावरही माघार घेता येते.

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. डॉक्टरांच्या शिक्षणासाठी देहदान करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर ख्रिस्तसभेची त्याला आडकाठी नाही. देहाचा मान राखला जावा, एवढे पाहावे. पण आधी घरच्यांशी बोला. मृत्यूच्या दिवशी मुलांमध्ये त्यावरून भांडण होऊ नये. मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा आपण नेहमीप्रमाणेच अर्पण करू.

ज्यांना देवाने पैसा दिला आहे, त्यांनाही एक विनंती. प्रिय माणसाच्या स्मरणार्थ बाक, पंखा, घड्याळ देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती चांगली आहे, आणि चर्चला पंखे लागतातच. पण त्यासोबत, ज्या रोगाने ते माणूस गेले त्या रोगाच्या संशोधनासाठी किंवा गरीब रुग्णाच्या प्रवासखर्चासाठीही थोडे ठेवता येईल. आपल्या पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावे रंगवलेली आहेत. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, वारा मात्र सगळ्यांना लागतो. दानाचेही तसेच असावे.

कुटुंबात आणि समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न:

१. आपल्या घरी उपयोगी पडलेल्या एखाद्या औषधामागे कोणकोणत्या माणसांचे दान असेल?
२. आपण कोणाचे दान न विचारता घेतो का? घरात, शेतात, चर्चमध्ये?
३. आपल्या वस्तीतील कोणती स्त्री लाजेमुळे किंवा मजुरी बुडेल म्हणून तपासणीला जात नाही? तिच्याबरोबर कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी ठरवा आणि पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मला सांगा.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू