हात पिरगाळण्याआधी कोपराची ओळख

दिवाळीनंतरची गोष्ट. अकरावीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. उजवा हात कोपरात वाकलेला. तो धड सरळ होईना आणि खांद्यापर्यंतही पोचेना. घास घेताना मान पुढे करावी लागत होती. तीन आठवड्यांपूर्वी मित्रमंडळींनी मोबाईलवर परदेशी कुस्तीचे डाव पाहिले आणि मैदानावर एकमेकांवर करून बघितले. एकाने उताणे पडून याचा हात दोन्ही मांड्यांत धरला, कंबर वर उचलली, आणि 'कट्' असा आवाज झाला. गावातल्या जाणकाराने हात ओढून 'बसवला' आणि सकाळ-संध्याकाळ गरम तेलाने चोळायला सांगितले. आईने ते एकही दिवस चुकवले नाही. एक्सरेमध्ये कोपराच्या पुढच्या बाजूला, जिथे नुसता स्नायू असायला हवा, तिथे हाडासारखी पांढरी सावली होती.

या मुलाचे निम्मे नुकसान मित्राने केले आणि निम्मे तेलाने. दोन्ही टाळता आले असते, म्हणून आजचा विषय.

कोपर ही दाराच्या बिजागरीसारखी रचना आहे. दंडाचे एक हाड आणि पुढच्या हाताची दोन हाडे तिथे मिळतात. हात सरळ केला की मागचे टोकदार हाड (टेबलावर टेकतो तो कोपराचा कोना) दंडाच्या हाडातल्या खोबणीत जाऊन बसते आणि बिजागरी थांबते. काही जणांचा, विशेषतः मुलींचा आणि लहान मुलांचा, हात पाच-दहा अंश जास्त मागे जातो. तो दोष नव्हे. पण थांबा लागल्यावरही जोर चालू राहिला की तेच टोक पहारीखाली ठेवलेल्या दगडासारखे काम करते. कोपरापासून मनगट सुमारे २५ सेंटिमीटर, तर ते टोक सांध्याच्या आसापासून दोन-अडीच सेंटिमीटर. म्हणजे मनगटावर दिलेला दहा किलोचा जोर सांध्यात साधारण शंभर किलोचा होतो. आधी पुढच्या बाजूची सांध्याची पिशवी फाटते, बाजूचे अस्थिबंध तुटतात आणि अखेर हाडे मागे निखळतात.

आर्मलॉकची सारी करामत एवढीच. हात वाकलेला असेपर्यंत दंडाचा स्नायू चांगला प्रतिकार करतो. तो एकदा सरळ झाला, की समोरच्याच्या कंबरेच्या ताकदीपुढे आपल्या दंडाचे काही चालत नाही. म्हणून सुटका करायची ती आधीच. कोपर वाकवून बरगडीला चिकटवावे, एका हाताने दुसरा हात घट्ट धरावा. हात पूर्ण ताणला गेल्यावर हिसका मारणे म्हणजे स्वतःच स्वतःचा सांधा मोडणे.

दुसरा प्रकार पिरगाळण्याचा. कोपर काटकोनात वाकवून मनगट पाठीमागे फिरवायचे. यात पीळ खांद्यात जातो, आणि गंमत अशी की दुखणे बऱ्याचदा उशिरा जाणवते. तोवर इजा जवळ आलेली असते. १९५१ साली रिओ द जानेरोत जपानचा ज्यूदोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचा हेलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने हाच पेच लावला. ग्रेसीचा हात मोडला तरी तो हार मानेना, शेवटी त्याच्या बाजूच्या माणसांनीच लढत थांबवली. तो पेच आजही जगभर किमुराच्याच नावाने ओळखला जातो. ग्रेसीच्या जिद्दीचे कौतुक पुष्कळ होते. हाडांच्या डॉक्टरला मात्र त्यात कौतुक करण्यासारखे फारसे दिसत नाही.

आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो, त्यामुळे हात मोडायची गरजच पडत नाही. ऑलिंपिकच्या कुस्तीतही हात ९० अंशांपलीकडे पिरगाळणे निषिद्ध आहे. ज्यूदोमध्ये पेच चालतात, पण फक्त कोपरावर. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थापटले की पेच त्याच क्षणी सोडायचा असतो. अनेक देशांत लहान मुलांना हे पेच लावूच देत नाहीत आणि ते योग्य आहे. कारण त्या वयात अस्थिबंधापेक्षा हाड कच्चे असते. मुलाचे कोपर उलटे गेले की कोपराच्या वर दंडाचे हाड मोडण्याची भीती जास्त. (तान्ह्या-चालत्या मुलाला एका हाताला धरून वर उचलू नये, हेही जाता जाता सांगतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांचे कोपर तेवढ्यानेही सरकते.) शिकायचेच असेल तर वस्तादाच्या नजरेखाली शिकावे. हात सरळ होईपर्यंत हळू जावे, तिथे थांबावे आणि जोडीदाराला थापटायला वेळ द्यावा. हिसका कधीही नको.

मुलींच्या स्वसंरक्षणाच्या शिबिरांतही हे पेच शिकवतात. माझे मत विचाराल तर धडपडणाऱ्या, घामाने निसरड्या माणसाला उभ्याने आर्मलॉक लावणे सरावाशिवाय जमत नाही. त्यापेक्षा कोणी मनगट धरले तर त्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात त्या फटीकडे हात झटक्याने फिरवून सोडवावा, ओरडावे आणि पळावे. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे (भारतीय न्याय संहिता, कलमे ३४ ते ४४), पण गरजेपुरताच. हाड मोडणे किंवा निखळणे ही त्याच कायद्यात 'गंभीर दुखापत' धरली जाते.

आता दुखापत झालीच तर काय करायचे? हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवावा. ओढू नये, सरळ करू नये. अंगठी, कडे, बांगड्या, मनगटाचा दोरा सूज येण्याआधी काढावा. टॉवेलची किंवा ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. वाटेत चहा, नाश्ता देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. कोपराच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते, म्हणून बोटांकडे लक्ष ठेवावे. बोटे गार किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, किंवा दुसऱ्याने बोट हळूच सरळ केल्यावर पेशंट किंचाळला, तर सकाळची वाट पाहू नये. रक्त न मिळालेले स्नायू सहा तासांच्या आसपास कायमचे मरतात आणि हात पंज्यासारखा आखडतो. घट्ट बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांखाली असे झालेले हात मी पाहिले आहेत. प्लास्टरखालीही होऊ शकते. बोटे दुखू लागली तर ज्याने प्लास्टर घातले त्याच्याकडे रात्री दोन वाजताही जावे.

चोळण्याबद्दल. निखळलेल्या कोपरासमोरचा स्नायू फाटलेला असतो आणि त्यात रक्त साकळते. चोळल्याने ते पुन्हा पुन्हा दुखावते आणि तिथे चक्क हाड तयार होऊ लागते. हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली उचलायला लावतात, तेही त्यातलेच. नुसते निखळलेले कोपर भूल देऊन बसवले तर साधारण आठवडा-दोन आठवडे आधार पुरतो. नंतर पेशंटने स्वतःच्या ताकदीने, दुखेल तिथे थांबून, हात हलवायचा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त बांधून ठेवले तर कोपर आखडते.

आमच्या त्या मुलाचे तेल त्याच दिवशी बंद केले. चार महिने झाले, घास आता तोंडाशी पोचतो. हात सरळ व्हायला अजून तीसेक अंश कमी पडतात. नवे हाड पक्के झाल्याशिवाय ते काढता येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार पुढच्या वर्षी. परवा तपासणीला तो मित्राला घेऊन आला होता. मित्र बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत आला नाही.